कुलूप उघडत नाही तेव्हा



आजचा विषय ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात गेलेल्या माणसानं एन्क्रिप्शनच्या सॉफ्टवेअरवर बोलायचं म्हणजे काय? प्रोग्राम लिहिणं हा आमचा धंदा नव्हे, हे खरंच आहे. पण ‘हे खरं कशावरून?’ आणि ‘हा जो स्वतःला म्हणवतो तोच कशावरून?’ हे दोन प्रश्न आमच्याच दुकानातले. एन्क्रिप्शनची जोडणी अडते तेव्हा बहुतेक वेळा यांतल्याच एका प्रश्नाचं उत्तर मिळालेलं नसतं. म्हणून आज आपण दोघं मिळून विचार करू. हत्यारं तुमची, विचार करण्याची पद्धत आमची.

सालवडला हा विषय घेण्याचं कारण सरळ आहे. तारापूरची औद्योगिक वसाहत सालवड, बोईसर, कोलवडे, कुंभवली अशा गावांच्या जमिनीवर पसरली आहे. रसायनं, औषधं, कापड, पोलाद, सगळे धंदे इथे आहेत. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्या व्यवसायांना जीएसटीचं ई-इन्व्हॉइस बंधनकारक झालं. २०२० साली ही मर्यादा ५०० कोटी होती, म्हणजे तेव्हा हा मोठ्या कंपन्यांचा प्रश्न होता. आता तो आपल्या शेजारच्या गाळ्यातल्या कारखान्याचा झाला आहे. माल भरलेला ट्रक फाटकात उभा असतो, बिलाला नंबर मिळत नाही, आणि संगणकाच्या पडद्यावर तांबड्या अक्षरांत एक ओळ येते. त्या ओळीपुढे बसलेला मुलगा किंवा मुलगी म्हणजे तुमच्यापैकीच कोणीतरी.

आधी व्यवहार समजून घेऊ

हा व्यवहार तीन पावलांचा आहे. पहिलं पाऊल असं की आपला प्रोग्राम ३२ बाइटची एक किल्ली स्वतःच तयार करतो, अगदी नाणं उडवून केल्यासारखी, कोणाला अंदाज येऊ नये अशी. ही किल्ली, वापरकर्त्याचं नाव आणि पासवर्ड हे सगळं तो पोर्टलच्या सार्वजनिक किल्लीनं बंद करून पाठवतो. सार्वजनिक किल्लीची गंमत ही की तिनं कुलूप कोणीही लावावं, उघडणार मात्र एकटं पोर्टल, कारण उघडायची खासगी किल्ली त्याच्याचकडे आहे.

दुसऱ्या पावलाला पोर्टल आपल्याला ओळखपत्रासारखं एक टोकन देतं आणि त्या सत्रापुरती एक नवी किल्ली देतं. ही सत्राची किल्ली आपण पाठवलेल्या किल्लीनं बंद केलेली असते. तिसऱ्या पावलाला प्रत्येक बिल त्या सत्राच्या किल्लीनं बंद होऊन जातं आणि उत्तरात ६४ अक्षरांचा बिलक्रमांक व सही केलेला क्यूआर कोड येतो.

आता यात लक्षात ठेवण्यासारखं काय? किल्ल्या तीन आहेत, त्यांची आयुष्यं वेगवेगळी आहेत. सार्वजनिक किल्ली वर्षानुवर्षांची, सत्राची काही तासांची, आपली एका लॉगिनपुरती. टोकन एका लॉगिनचं आणि किल्ली दुसऱ्या लॉगिनची अशी जोडी झाली की बिल उघडणार नाही, मग तुमचा बाकीचा प्रोग्राम कितीही शुद्ध असो.

तांबडी ओळ इतकं कमी का बोलते?

तुमची एक रास्त तक्रार असते. बाकीच्या सॉफ्टवेअरमध्ये चूक झाली तर ते सांगतं की अमुक ओळीत तमुक चुकलं. इथे नुसतं ‘अमान्य’ किंवा ‘डिक्रिप्शन फेल्ड’. वैताग येतो.

पण हे अबोलपण बऱ्याचदा मुद्दाम ठेवलेलं असतं. २००२ साली सर्ज व्होदने या संशोधकानं दाखवून दिलं की बंद मजकुराच्या शेवटची भरती चुकली की आतला मजकूर चुकला, एवढा फरक जरी सर्व्हर बाहेरच्याला कळू देत असेल, तरी किल्ली नसलेला माणूस पुन्हा पुन्हा विचारून सबंध मजकूर काढून घेऊ शकतो. चोरानं दाराबाहेरून ‘पहिला खटका बरोबर का?’ असं विचारावं आणि आपण आतून ‘हो’ म्हणावं, तसलं हे. त्यामुळे इथे संदेशावर विसंबून निदान होत नाही. निदानाची पद्धत आपल्यालाच आणावी लागते. आम्ही चार प्रश्न सुचवतो, आणि ते याच क्रमानं विचारावेत. काळ, ओळख, किल्ली, रूप. स्वस्त तपासणी आधी, महाग नंतर.

पहिला प्रश्न : काळ

सगळ्यात आधी घड्याळ बघा. प्रमाणपत्राला, म्हणजे सर्टिफिकेटला, सुरुवातीची आणि अखेरची तारीख असते. कारखान्याच्या ऑफिसातल्या जुन्या संगणकाची मदरबोर्डवरची छोटी बॅटरी संपली की वीज गेल्यावर त्याचं घड्याळ काही वर्षं मागे जातं. मग आजचं प्रमाणपत्र त्याला ‘अजून लागू न झालेलं’ वाटतं. दोन तास प्रोग्राम उलटासुलटा करून झाल्यावर दोष बॅटरीत निघतो.

दुसरी जात साडेपाच तासांची. क्लाउडवरचे सर्व्हर बहुधा जागतिक वेळेवर चालतात, आपण भारतीय वेळेवर. आधारच्या प्रमाणीकरणाची व्यवस्था बघा. आधारची सुरुवात आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी, २९ सप्टेंबर २०१० रोजी झाली. तिथे विनंतीबरोबर जी वेळ पाठवायची ती भारतीय वेळ धरली जाते, वेळेचा पट्टा वेगळा लिहायचा नाही. सर्व्हर जागतिक वेळेवर असेल आणि रूपांतर राहून गेलं, तर तुमची ताजी विनंती तिथे साडेपाच तास शिळी होऊन पोचते. यासाठी आधारनं वेगळे त्रुटी क्रमांक ठेवले आहेत. ५६१ म्हणजे विनंती शिळी, ५६२ म्हणजे वेळ भविष्यातली. फरक बरोबर साडेपाच तासांचा दिसला की एन्क्रिप्शनला हात लावू नका, घड्याळाला लावा.

दुसरा प्रश्न : ओळख

‘ब्राउझरमध्ये साइट उघडते, पण माझ्या प्रोग्राममधून उघडत नाही.’ हे गाऱ्हाणं फार ऐकू येतं. इथे थोडं थांबू, कारण हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे.

समोरचा सर्व्हर म्हणतो, मी अमुक आहे. कशावरून? तर त्याच्याकडे प्रमाणपत्र आहे. ते खरं कशावरून? वरच्या संस्थेची सही आहे. ती संस्था खरी कशावरून? तिच्याही वर कोणीतरी आहे. हे असंच चालू राहिलं तर आपल्या नैयायिकांनी ज्याला अनवस्था म्हटलं तो दोष येतो, म्हणजे पुराव्याला पुरावा, त्याला पुरावा, कुठे थांबणंच नाही. कुठेतरी थांबावं लागतं. न्यायशास्त्रात शब्द हे प्रमाण मानलं आहे, पण कोणाचाही शब्द नव्हे. विश्वासार्ह माणसाचा, म्हणजे आप्ताचा. संगणकातही तसंच. काही मूळ संस्थांची, रूट सर्टिफिकेटांची, यादी आधीच ठेवलेली असते, आणि साखळी तिथवर पोचली की शंका थांबते.

गोम अशी की ही आप्तांची यादी एका संगणकात एकच नसते. विंडोजची एक. जावाची स्वतःची वेगळी. पायथॉनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीची तिसरी. म्हणून ब्राउझरला जो आप्त वाटतो तो तुमच्या जावाच्या प्रोग्रामला परका वाटू शकतो. जावात ‘पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड’ असं येतं त्याचा अर्थ एवढाच : साखळी माझ्या ओळखीच्या माणसापर्यंत पोचली नाही.

कारणं ठरावीक आहेत. एक, सर्व्हरनं मधली कडी पाठवलेली नाही. ब्राउझर ती बऱ्याचदा स्वतः मिळवतो, प्रोग्राम मिळवत नाही. दोन, कंपनीची फायरवॉल किंवा अँटिव्हायरस मध्ये बसून स्वतःचं प्रमाणपत्र पुढे करतो. तसं असेल तर कंपनीच्या नेटवर्क सांभाळणाऱ्याकडून त्याचं रूट प्रमाणपत्र रीतसर घ्या आणि तुमच्या प्रोग्रामच्या यादीत घाला. तीन, यादीच जुनी. ३० सप्टेंबर २०२१ रोजी लेट्स एन्क्रिप्टच्या साखळीतलं एक जुनं रूट प्रमाणपत्र मुदत संपून बाद झालं. ओपनएसएसएल १.०.२ वर चालणारी अनेक यंत्रं त्या दिवशी अडली. नवं रूट यादीत असूनही ती जुन्या वाटेनं जायची आणि बंद दारापाशी थांबायची. चार, भाषेची आवृत्ती. सर्व्हर टीएलएस १.२ मागतो आणि जावा ७ किंवा डॉटनेट ४.५ न सांगता जुनीच आवृत्ती बोलू लागतं. नेमकी कुठली कडी तुटली ते ओपनएसएसएलची एस-क्लायंट ही आज्ञा एका झटक्यात दाखवते. साखळी डोळ्यांनी बघा, अंदाज करू नका.

आणि आप्तच चुकला तर? तेही घडलेलं आहे. जुलै २०१४ मध्ये आपल्या देशातल्या एनआयसीच्या प्रमाणपत्र यंत्रणेतून गूगलच्या काही नावांची अनधिकृत प्रमाणपत्रं निघाल्याचं उघड झालं. ती यंत्रणेची प्रमाणपत्रं रद्द झाली. सांगायचा मुद्दा असा की ओळख तपासणं हा निव्वळ उपचार नाही. तोतये असतात.

तिसरा प्रश्न : किल्ली

काळ आणि ओळख ठीक असेल तर किल्लीकडे या, आणि इथे पहिली गोष्ट करा ती म्हणजे मोजा. एईएसची किल्ली १६, २४ किंवा ३२ बाइटची असते, मधलं काही चालत नाही. ३२ बाइट बेस-६४ मध्ये लिहिले की ४४ अक्षरं होतात. ‘किल्लीची लांबी चुकीची’ असं आलं आणि तुमच्याकडे ४४ भरले, तर तुम्ही किल्ली न देता किल्लीचं चित्र दिलं आहे. आधी बेस-६४ उलगडा. ३३ भरले तर फाइलच्या शेवटी एक नवी ओळ चिकटली आहे. ३५ भरले तर नोटपॅडनं सुरुवातीला तीन बाइटची खूण घातली असेल. किल्ली वर्डमध्ये चिकटवून पुन्हा उचलली असेल तर ‘बिगिन’ शब्दाआधीच्या पाच आडव्या रेघांच्या जागी लांब रेघा झाल्या असतील.

जुन्या जावा ८ वर ‘इल्लीगल की साइझ’ आलं तर तुमचं काही चुकलेलं नाही. काही देशांच्या आयात नियमांमुळे तिथे २५६ बिटची किल्ली मुळात बंद असायची. २०१८ च्या अद्ययावत आवृत्तीपासून ती खुली झाली. जावा अद्ययावत करा.

आणि ‘बॅड पॅडिंग’ आलं की भरतीच्या मागे लागू नका. बहुतेक वेळा किल्लीच चुकीची असते. चुकीच्या किल्लीनं उघडलेला मजकूर म्हणजे कचरा, आणि कचऱ्याच्या शेवटी योग्य भरती दिसण्याची शक्यता सुमारे २५६ मध्ये एक. म्हणून क्वचित असंही होतं की त्रुटी येत नाही, नुसता कचरा बाहेर पडतो. त्रुटी आली नाही म्हणजे उघडलं, असं समजू नये.

चौथा प्रश्न : रूप

‘सालवड’ हा शब्द घ्या. कागदावर चार अक्षरं. संगणकाला मात्र पाच खुणा : स, काना, ल, व, ड. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक खुणेला तीन बाइट, म्हणजे एकूण १५. एईएसचा डबा १६ बाइटचा, म्हणून भरतीला एक बाइट. सगळं सुरळीत. आता हाच शब्द इंग्रजी विंडोजवर, जुन्या जावात, लिपीची पद्धत न सांगता बाइटमध्ये बदला. पाच प्रश्नचिन्हं तयार होतील. ती व्यवस्थित बंद होतील, व्यवस्थित पोचतील, व्यवस्थित उघडतील. ग्राहकाचा पत्ता मात्र कायमचा गेला. एन्क्रिप्शननं आपलं काम चोख केलं, फक्त चुकीच्या गोष्टीवर. जावा १८ पासून यूटीएफ-८ आपोआप धरलं जातं. पण तोवर, आणि त्यानंतरही, पद्धत स्पष्ट लिहावी हे बरं.

त्याच जातीचे दोष आणखी आहेत. बेस-६४ मधलं अधिक चिन्ह पत्त्याच्या ओळीतून जाताना रिकामी जागा बनतं. मजकूर दोनदा बेस-६४ होतो. आधी बेस-६४ की आधी कुलूप, हा क्रम उलटतो. एकीकडे जीसीएम पद्धत, दुसरीकडे ईसीबी. या सगळ्यांत किल्ली बरोबर असते आणि तरी दार उघडत नाही.

शोधायचं कसं : अन्वय आणि व्यतिरेक

चार प्रश्न झाले. आता त्यांची उत्तरं मिळवण्याची रीत. आपल्या शास्त्रांत ती जुनी आहे. जिथे धूर तिथे अग्नी, हा अन्वय. जिथे अग्नी नाही तिथे धूर नाही, हा व्यतिरेक. दोन्ही बाजू जुळल्या तर कारण सापडलं म्हणायचं. एकाच बाजूवर भागवलं की फसगत ठरलेली.

प्रोग्राममध्ये याचा अर्थ असा. दस्तऐवजात नमुन्याची किल्ली, नमुन्याचा मजकूर आणि अपेक्षित उत्तर दिलेलं असेल तर प्रथम तेवढंच चालवा. जाळं नाही, पोर्टल नाही, बिल नाही. ते जमलं तर दोष कुलपात नाही. मग एका वेळी एकच गोष्ट बदला : नमुन्याची किल्ली ठेवून आपलं बिल, मग आपली किल्ली ठेवून नमुन्याचं बिल. तोच प्रोग्राम दुसऱ्या संगणकावर, मोबाइलच्या इंटरनेटवरून चालवून बघा. तिथेही बंदच राहिला तर ऑफिसची फायरवॉल सुटली, असं मात्र लगेच म्हणू नका. खऱ्या पोर्टलवर आधी नोंदवलेल्या आयपी पत्त्यांनाच प्रवेश असतो, मोबाइलचा पत्ता त्या यादीत नसणारच. आणि दुरुस्ती सापडली असं वाटलं की ती काढून बघा. बिघाड परत आला तरच ते कारण खरं. पाच गोष्टी एकदम बदलून चालू झालेला प्रोग्राम हा समजलेला प्रोग्राम नसतो.

तपासणी बंद करू नये

आता ज्या गोष्टीसाठी हे व्याख्यान ठेवलं तिच्याकडे येतो. ओळख जुळत नाही असं आलं की शोधल्यावर एक सोपा इलाज मिळतो. एका ओळीत ‘व्हेरिफाय’ला ‘फॉल्स’ लिहा. तांबडी ओळ जाते, बिल निघतं, ट्रक सुटतो.

इथे केमिकलच्या कारखान्यात काम करणारे लोक आहेत, त्यांना एकच विचारतो. सेफ्टी व्हॉल्व्ह सारखा वाजतो म्हणून तो तारेनं बांधून ठेवणाऱ्याला तुम्ही काय म्हणाल? आवाज थांबला हे खरं. दाब कुठे गेला?

तपासणी बंद केल्यावर मजकूर अजूनही बंदच जातो, हे त्यातलं फसवं. कुलूप आहे, पण कोणाच्या हातात देतो आहोत ते विचारणं सोडलं आहे. मध्ये बसलेल्या तोतयानं स्वतःचं कुलूप पुढे केलं तर आपण पासवर्ड, ग्राहकांची नावं, मालाचे दर, सगळं त्याच्या पेटीत घालून वर कुलूप लावतो.

इशारा गप्प करण्याची किंमत जगानं एकदा मोजली आहे. २००६ साली डेबियन या लिनक्सच्या ओपनएसएसएलमध्ये एका तपासणी साधनाचा इशारा येतो म्हणून काही कोड काढून टाकला गेला. इशारा गेला. त्याबरोबर किल्ल्या तयार करताना लागणारी अनिश्चितताही गेली. त्यानंतर त्या यंत्रांवर, एका प्रकारच्या आणि एका लांबीच्या, सुमारे ३२ हजारच वेगवेगळ्या किल्ल्या तयार होऊ शकत होत्या. एवढ्या तर संगणक बसल्या बसल्या तपासतो. हे मे २००८ मध्ये उजेडात आलं. मधली पावणेदोन वर्षं काही बिघडलेलं दिसत नव्हतं, सगळं छान चालू होतं. म्हणून आम्ही म्हणतो, न उघडणारं कुलूप हा लहान प्रश्न. कोणालाही उघडणारं कुलूप हा मोठा, आणि त्याची तांबडी ओळ कधीच येत नाही.

श्रोत्यांचे दोन प्रश्न

*प्रश्न : पण सर, ट्रक खरोखर उभा असतो. मालक डोक्यावर असतो. तासाभरासाठी तपासणी बंद केली तर?*

घाई खरी आहे, तिला आम्ही नाही म्हणत नाही. पण ट्रक सोडवायला दुसरी वाट आहे. ई-इन्व्हॉइसच्या पोर्टलवर बिलं चढवण्याचं ऑफलाइन साधन मिळतं. त्या दिवसाची बिलं तिथून काढा, आणि प्रोग्राम शांतपणे दुरुस्त करा. ही वाट अडचण येण्याआधी एकदा चालून ठेवा. राहता राहिला तो ‘तासाभरा’चा हिशेब. तात्पुरती लिहिलेली ओळ काढायला नंतर कोणी येत नाही, कारण नंतर काही अडत नाही. आणि एक विनंती : घाईत खासगी किल्ली व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकू नका. टाकली गेली असेल तर ती बाद समजा आणि नवी घ्या.

*प्रश्न : या सगळ्या भानगडीपेक्षा आपणच स्वतःची गुप्त पद्धत बनवली तर? कोणाला माहीतच नसेल.*

लहानपणी आपण सगळे च-ची भाषा बोललो आहोत. मोठ्यांना कळू नये म्हणून बोलायचो, आणि मोठ्यांना ती आधीपासून येत असायची. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरतो, तिथे बघा : बोटांचा अर्थ साऱ्या बाजाराला ठाऊक असतो, गुप्त असते ती फक्त त्या वेळी दाबलेली बोटं. ऑग्युस्त केर्कहॉफ्स यांनी १८८३ साली हेच तत्त्व मांडलं. पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये, गुप्त राहावी ती किल्ली. हजारो लोकांनी तोडायचा प्रयत्न करून न तुटलेली पद्धत घ्या, आणि तुमची हुशारी ती नीट बसवण्यात खर्च करा. त्यासाठी काळ, ओळख, किल्ली, रूप हे चार शब्द एका कागदावर लिहून पडद्याशेजारी चिकटवा. तांबडी ओळ आली की आधी कागद वाचा, मग कीबोर्डला हात लावा.